कागदावरचं तळघर

पहिली बाटली नव्हती. दुसरी ‘कालच संपली’ होती. तिसऱ्या वेळी वेटरने काही सांगायचीही तसदी घेतली नाही. माझ्या खांद्यावरून हात पुढे करून त्याने यादीवर बोट ठेवलं, ते दीड पान खाली सरकवत नेलं आणि एका ओळीवर थांबवलं. ‘‘सर, ही आहे.’’

पुण्यातलं एक इटालियन रेस्टॉरंट, मे महिन्यातली रात्र, आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. रेस्टॉरंटचं नाव सांगत नाही, कारण पास्ता उत्तम होता आणि माझी तक्रार यादीपुरतीच आहे. ती यादी मात्र बघण्यासारखी होती. चामडी बांधणी, अठरा पानं, बहुतेक पानांच्या डोक्यावर इटलीतल्या एकेका प्रांताचं नाव सोनेरी अक्षरांत. दाराजवळच्या भिंतीवर कुठल्याशा पुरस्काराची चौकट. मी पहिल्या पानापासून वाचायला बसलो. बायको दहा मिनिटं पावाचे तुकडे ऑलिव्ह तेलात बुडवत थांबली आणि मग म्हणाली, ‘‘अरे, वाइन निवडतोयस की सातबारा वाचतोयस?’’

तिने चेष्टेत विचारलं, पण उपमा नेमकी होती. सातबाऱ्यावर विहीर असते आणि शेतात नसते, हा प्रकार आपल्याला नवा नाही. इथे अठरा पानांचं तळघर कागदावर होतं आणि प्रत्यक्षात बारमागच्या काचेच्या कपाटात जेमतेम तीस-पस्तीस बाटल्या दिसत होत्या. जेवण येईपर्यंत मी तिला मिलानमधल्या एका रेस्टॉरंटची गोष्ट सांगितली. तिथे मी कधी गेलेलो नाही. कोणीच गेलेलं नाही.

‘ओस्तेरिया लिंत्रेपिदो’ हे त्याचं नाव. ओस्तेरिया म्हणजे साधं जेवण आणि वाइन मिळणारी खानावळ, आणि इंत्रेपिदो म्हणजे निडर. रॉबिन गोल्डस्टीन नावाचा अमेरिकन खाद्यसमीक्षक ‘फिअरलेस क्रिटिक’ या नावाने रेस्टॉरंट्सच्या मार्गदर्शिका काढायचा. त्याच्या ‘फिअरलेस’चंच हे इटालियन रूप. त्याने या खानावळीचा मेनू रचला, एक संकेतस्थळ काढलं, मिलानचा एक फोन नंबर घेऊन त्याला निरोप घेणारं यंत्र जोडलं आणि वाइनची भलीमोठी यादी केली. मग ‘वाइन स्पेक्टेटर’ या अमेरिकन मासिकाकडे ती यादी आणि २५० डॉलर प्रवेशशुल्क पाठवून दिलं. हे मासिक १९८१पासून रेस्टॉरंट्सच्या वाइन-याद्यांना पुरस्कार देत आलं आहे. त्याच्या तीन पायऱ्यांपैकी पहिली म्हणजे ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’. २००८ साली ती ओस्तेरिया लिंत्रेपिदोला मिळाली. फक्त ओस्तेरिया लिंत्रेपिदो अस्तित्वात नव्हती.

खरी खोडी पुढेच होती. यादीत ‘राखीव’ म्हणून जो खास, महागड्या वाइनचा भाग असतो, तो गोल्डस्टीनने मुद्दाम अशा इटालियन वाइन वेचून भरला होता, की ज्यांना याच मासिकाने पूर्वीच्या अंकांतून अगदी खालचे गुण दिले होते. शंभरापैकी साठ-सत्तर गुण म्हणजे त्या पद्धतीत नापासच. परीक्षकाने स्वतःचेच जुने अंक चाळले असते तरी बिंग फुटलं असतं. ऑगस्ट २००८मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात वाइन-अर्थतज्ज्ञांची परिषद भरली होती, तिथे त्याने हे सगळं जाहीर केलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे पुरस्काराची बातमी देणारा निरोप त्या यंत्रावर आला, तेव्हा अंकात जाहिरात द्यायची आहे का, अशी विचारणाही सोबत होती.

मासिकाने आपली बाजू मांडली. आम्ही तिथे अनेकदा फोन केले, दर वेळी यंत्रानेच उत्तर दिलं. प्रत्येक रेस्टॉरंटला प्रत्यक्ष भेट देतो असा आमचा दावा कधीच नव्हता. आणि यादीतल्या एकूण २५६ वाइनपैकी फक्त १५ला आमच्याकडे ८०हून कमी गुण होते, बाकीची यादी चांगलीच होती.

ही शेवटची सबब मला फार आवडते. ती खरी आहे. यादी चांगलीच होती! इटलीतले नावाजलेले निर्माते, प्रत्येक बाटलीसमोर साल, किंमत, जेवणाशी मेळ, सगळं जिथल्या तिथे. परीक्षकाने कागद तपासला आणि कागदाला गुण दिले. विहीर आहे का हे बघायला तलाठी शेतावर गेला नाही, एवढंच.

बायको म्हणाली, ‘‘मग इथल्या यादीला तू किती देशील?’’

हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मागे लागला. त्यानंतरच्या वर्षभरात पुण्या-मुंबईतल्या नऊ इटालियन रेस्टॉरंट्समध्ये मी मेनूआधी वाइनची यादी मागवून वाचली. काही ठिकाणी प्यायलो, काही ठिकाणी नुसतं वाचूनच उठलो, त्यामुळे दोन वेटर कायमचे दुखावले असतील. मी या विषयातला तज्ज्ञ नाही. द्राक्षांशी नातं आहे ते आजोळमुळे. मामांची बाग तासगावला.

इटालियन वाइनची यादी डोळ्यांसमोर आली की पहिल्यांदा अंगावर येतात ती नावं. त्या देशात साडेतीनशेच्या वर अधिकृत द्राक्षजाती आहेत आणि प्रत्येक खोऱ्याला स्वतःच्या वाइनचा अभिमान आहे. पण ही नावं वाचायची किल्ली मराठी माणसाला घरबसल्या मिळते, कारण आपल्या आडनावांचा कारभारही असाच आहे. कोणी गावावरून नाशिककर, कोणी कामावरून कुलकर्णी, कोणी स्वभावावरून कडू. बारोलो हे गावाचं नाव. बाटलीतलं द्राक्ष नेब्बिओलो आहे, हे लेबल सांगत बसत नाही. बार्बेरा हे द्राक्षाचं नाव. ‘बार्बेरा दाल्बा’ म्हणजे आल्बा गावाकडची बार्बेरा, अर्थात नाव-आडनाव दोन्ही. आणि आमारोने हे चवीवरून पडलेलं, ‘आमारो’ म्हणजे कडू. आपले कडू इटलीत भेटले की मला बरं वाटतं. देवनागरीला इटालियन तशी सोयीची आहे. इंग्रजी स्पेलिंग बघून ‘चियांती’ म्हणणाऱ्याला ‘कियांती’ असं एकदा आपल्या लिपीत लिहून दिलं की पुन्हा चुकत नाही.

या नावांच्या जंगलात यादी लिहिणाऱ्याला पकडायची एक जागा आहे. तिचं नाव मोंतेपुल्चानो. तस्कनी प्रांतात या नावाचं डोंगरमाथ्यावरचं एक गाव आहे. तिथली ‘वीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ ही मुख्यत्वे सांजोवेझे द्राक्षांची, जुन्या घराण्याची वाइन. दुसरीकडे अॅड्रियाटिक समुद्राकाठच्या आब्रुत्सो प्रांतात मोंतेपुल्चानो याच नावाचं द्राक्ष पिकतं. त्याची ‘मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो’ ही रोजच्या जेवणातली, गडद, रसरशीत आणि बहुधा स्वस्त वाइन. गावाचा आणि द्राक्षाचा एकमेकांशी संबंध नाही. दोन वेगळ्या गावचे दोन पाटील, सोयरीकसुद्धा नाही. नऊपैकी तीन याद्यांनी या दोघांना एकाच प्रांताखाली बसवलं होतं. एकीत तर वीनो नोबिलेसमोर ‘द्राक्ष : मोंतेपुल्चानो’ असं छापलं होतं. यावरून वाइन वाईट ठरत नाही. पण ही यादी बाटल्या चाखून न बनता पुरवठादाराने पाठवलेल्या तक्त्यावरून उतरवली गेली, एवढं कळतं.

दुसरी जागा म्हणजे साल.

बारोलोचा नियम असा, की सुगीच्या वर्षाच्या एक नोव्हेंबरपासून निदान ३८ महिने ती मुरली पाहिजे, त्यातले १८ महिने लाकडाच्या पिंपात. ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो तर सुगीनंतरचं पाचवं वर्ष उजाडल्याशिवाय बाजारात येऊच शकत नाही. म्हणजे नुसता बोटांवर मोजून हिशेब होतो. दोनच वर्षांपूर्वीची बारोलो यादीत दिसली तर ती छपाईची चूक आहे किंवा कोणाच्या तरी कल्पनेतली बाटली आहे. साध्या पांढऱ्या वाइनचं याच्या उलट. पिनो ग्रिजोसारखी हलकी पांढरी ताजेपणीच संपवायची असते. ती पाच-सहा वर्षं जुनी निघाली तर जपून ठेवण्यापेक्षा खपली नसण्याचीच शक्यता अधिक. मुंबईतल्या एका ठिकाणी सालाचा अख्खा रकानाच कोरा होता. मॅनेजरना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘स्टॉक बदलतो ना सर, दर वेळी कुठे छापणार?’’ प्रामाणिक उत्तर होतं. भाजीवाल्याने ‘आजची मेथी’ अशी पाटी न लावणं, आणि लावून कालची विकणं, यात मला पहिलं बरं वाटतं.

मग येतात ती आद्याक्षरं, डीओसी आणि डीओसीजी. इटलीने १९६३ साली वाइनच्या उगमाचा कायदा केला. कुठल्या शिवारातली, कुठली द्राक्षं, किती उतारा, किती मुरवण, हे सगळं त्यात बांधून दिलं. १९६६ साली ‘वेर्नाच्चा दि सान जिमिन्यानो’ या पांढऱ्या वाइनपासून हे शिक्के मिळू लागले. त्यावरचा ‘हमी’चा दर्जा पहिल्यांदा १९८०मध्ये मिळाला, त्या बाटलीच्या मानेवर क्रमांक छापलेली कागदी पट्टी असते. आज असे हमीवाले सत्तरच्या वर आहेत. यादीत ही अक्षरं ठळक दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, झालं, सरकारने बघितलंय.

इतकं सोपं ते कधीच नव्हतं. कियांतीच्या १९६७च्या नियमांत सांजोवेझेत पांढरी द्राक्षं मिसळणं सक्तीचं होतं. जुन्या पाककृतीचा तो अवशेष, त्याने वाइन पातळ व्हायची. पिएरो अँतिनोरी यांनी १९७१च्या सुगीपासून ‘तिन्यानेल्लो’ काढली ती हे नियम झुगारून. त्याआधी बोल्गेरीच्या किनारपट्टीवर मारिओ इंचिझा देल्ला रोक्केत्ता यांनी फ्रेंच काबर्ने द्राक्षांची ‘सास्सिकाया’ वर्षानुवर्षं घरच्यापुरती केली होती. १९६८ची सुगी तिची बाजारात आलेली पहिली. दोघींनाही कायद्याच्या चौकटीत जागा नव्हती, म्हणून लेबलवर लिहावं लागलं ‘वीनो दा ताव्होला’, टेबलावरची साधी वाइन. इटलीतल्या अत्यंत महाग बाटल्यांवर कैक वर्षं सर्वांत खालच्या दर्जाचा शिक्का होता! हा तिढा सोडवायला १९९२च्या कायद्यात ‘आयजीटी’ नावाचा मधला दर्जा काढावा लागला.

म्हणून शिक्के निकामी, असं मात्र म्हणवत नाही. १९८६ साली इटलीत स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसं मेली. हातभट्टीच्या दुर्घटना आपण दर काही वर्षांनी वाचतो, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यानंतर निर्यात कोसळली, तपासण्या कडक झाल्या, आणि घाऊक टाक्या भरणारे कितीतरी जण स्वतःच्या नावाने बाटली भरू लागले. माझ्या दृष्टीने यादीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणूनच निर्मात्याचं नाव हा आहे. आणि नेमका तोच गाळून नुसतं ‘कियांती, ग्लास’ असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. नुसतं ‘हापूस’ म्हटल्यावर देवगडचा, रत्नागिरीचा की कर्नाटकाचा हे आपण विचारल्याशिवाय राहत नाही. इथे मात्र गप्प बसतो.

आमारोनेजवळ जरा थांबतो, कारण तिथे माझं आजोळ लागतं.

व्हेरोना शहराजवळच्या वालपोलिचेल्ला टेकड्यांत ही वाइन होते. कोर्विना, रोंदिनेल्ला वगैरे द्राक्षं शरद ऋतूत तोडायची आणि लगेच न पिळता हवेशीर माळ्यावर पसरून सुकवायची. पूर्वी बांबूच्या तट्ट्यांवर, आता बहुतेक उथळ क्रेटमध्ये. साधारण डिसेंबर उजाडेपर्यंत ती पिळायची नाहीत असा दंडक आहे. तोवर तीस-चाळीस टक्के वजन उडून जातं, साखर दाटते आणि पंधरा-सोळा टक्के अल्कोहोलची दाट वाइन होते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थेट मामांचं बेदाणा शेड दिसलं. लोखंडी रॅकवर एकावर एक ताणलेल्या जाळ्या, बाजूने हिरवं शेडनेट, आणि आत शिरल्यावर नाकात भरणारा तो गोड-आंबूस वास, ज्यात थोडी धूळही मिसळलेली असते. लहानपणी आम्ही अर्धवट सुकलेले मणी जाळीतून ओढून खायचो. वरून सुरकुतलेले, आत अजून चिकट पाक. मामी ओरडायची, ‘‘बेदाणा होऊ दे की रं, कच्चाच गिळताय!’’ आमारोनेची द्राक्षं बरोबर त्याच टप्प्यावर थांबवतात. फरक जातीचा. मामांची थॉम्पसन म्हणजे बिनबियांची, पातळ सालीची, खायची. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली. बाजारात पाटी मांडली तर कुत्रं विचारणार नाही.

आमारोनेचा चोथाही वाया जात नाही. साधी वालपोलिचेल्ला वाइन त्या चोथ्यावर घालून पुन्हा आंबवतात. नारळाचं पातळ दूध खोबऱ्याच्या चोथ्यावरून परत फिरवावं तशातला प्रकार. तिला ‘रिपास्सो’ म्हणतात, आणि आमारोनेची आठवण तिच्यात निम्म्याहून कमी किमतीत मिळते. पुण्यातल्या त्या अठरा पानांत दोन आमारोने होत्या, दोन्ही पाच आकडी. रिपास्सो एकही नाही. मला यादीचा स्वभाव इथे कळला. ती दाखवण्यासाठी केलेली होती. मे महिन्यात, टोमॅटोच्या सॉसमधल्या पास्त्याबरोबर सोळा टक्क्यांची आमारोने कोण मागवणार? टोमॅटोच्या आंबटपणाला आंबटपणा भिडवणारी वाइन लागते. सांजोवेझे, बार्बेरा, नाहीतर एत्ना ज्वालामुखीच्या उतारावरची नेरेल्लो मास्कालेझे. सोलकढी जे काम माशाबरोबर करते तेच. यादीचं परीक्षण करायचं तर मी आता आधी मेनू वाचतो, त्यातले सर्वांत जास्त खपणारे दोन पदार्थ ताडतो आणि त्यांच्याबरोबर मध्यम किमतीत प्यावं असं काही सापडतं का ते बघतो. बाकी सोनेरी अक्षरं.

किमतीबद्दल एक समजूत सगळीकडे आहे. सर्वांत स्वस्त मागवायला गिऱ्हाइकाला लाज वाटते म्हणून तो वरून दुसरी मागवतो, आणि हे ओळखून मालक तिथेच सर्वांत जास्त नफा लावतो. डेव्हिड डी मेझा आणि विक्रम पथानिया या दोन अर्थतज्ज्ञांनी लंडनमधल्या दोनशेहून अधिक रेस्टॉरंट्सच्या याद्यांवर हे ताडून पाहिलं. दुसरी स्वस्त बाटली बिचारी निर्दोष निघाली. नफ्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं ते यादीच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे जिथे आपण ‘फार स्वस्त नको, फार महाग नको’ म्हणत विश्वासाने बोट ठेवतो तिथे. मध्यमवर्ग जगभर एकाच भावाने जातो.

आपल्याकडे त्याआधीच बराच भार चढलेला असतो. आयात वाइनवरचं सीमाशुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं. ऑस्ट्रेलियासारख्या देशाशी करार झाला तेव्हा त्यांच्या वाइनपुरती सूट मिळाली. त्या १५० टक्क्यांच्या दराने बंदरात ५०० रुपयांना उतरलेली इटालियन बाटली शुल्क भरताच साडेबाराशेची होते. त्यावर राज्याचे कर, आयातदाराचा वाटा, आणि मग रेस्टॉरंटची तिप्पट. इटलीतल्या खानावळीत घागरीने मिळणारी वाइन पुण्याच्या टेबलावर सणाचा पोशाख घालून येते ती अशी. म्हणून महागाईबद्दल मी रेस्टॉरंटला दोष देत नाही. ग्लासच्या बाबतीत मात्र देतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५०चे पाच ग्लास होतात. या धंद्यातला ठोकताळा असा, की पहिल्या ग्लासात बाटलीची खरेदी वसूल व्हावी. त्यामुळे उरलेले चार खपवायची घाई नसते, आणि उघडी बाटली चार-चार दिवस बारवर उभी राहते. ‘‘ही कधी उघडली?’’ एवढा एकच प्रश्न विचारावा. नऊपैकी एकाच ठिकाणी बाटलीच्या मानेला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिथे मी वर्षभरात चारदा गेलो.

गोल्डस्टीन महाशयांचा आणखी एक उद्योग इथे सांगायला हवा. त्याच २००८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक ग्लासांची चाचणी प्रसिद्ध केली, बाटली झाकून, किंमत लपवून. प्रशिक्षण नसलेल्या माणसांना महाग वाइन सरासरीने जास्त आवडली नाही. उलट किंचित कमीच आवडली. जाणकारांच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं होतं. मी माझी गणना कुठल्या गटात करतो ते बायकोने परस्पर ठरवून टाकलं आहे.

तर ती मे महिन्यातली रात्र. वेटरचं बोट जिथे थांबलं ती ओळ होती ‘सांजोवेझे, फ्रातेल्ली, अकलूज’. तस्कनीच्या पानावर नाही, शेवटच्या ‘इतर’ या पानावर.

बायको म्हणाली, ‘‘अकलूज म्हणजे तुकोबांच्या पालखीचं रिंगण होतं, तेच ना?’’

तेच. सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका, उसाचा मुलूख. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ही वाइनरी उभी केली आणि तस्कनीचे पिएरो मासी हे वाइन करणारे उस्ताद तिथे आणले. कियांतीचं द्राक्ष सोलापूरच्या उन्हात लावायचं, हा विचार कोणाच्या डोक्यात आधी आला ते ठाऊक नाही, पण वेलीला तिथे सगळंच नव्याने शिकावं लागलं असणार. तस्कनीत वेल थंडीत झोपते, वसंतात फुटते, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोड होते. आपल्याकडे थंडी तिला झोपवायला पुरत नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळ्याच्या शेवटी गोडी छाटणी, आणि तोड उन्हाळ्याच्या तोंडाशी. तेव्हा दोन्ही बाटल्यांवर साल एकच असलं तरी अकलूजची सांजोवेझे कियांतीपेक्षा सात-आठ महिन्यांनी मोठी असते. यादीच्या सालाच्या रकान्यात हे मावत नाही.

बाटली आली. वेटरने बूच काढून माझ्या ग्लासात घोटभर ओतली आणि तो बाजूला उभा राहिला. या क्षणी बहुतेकांना परीक्षेला बसल्यासारखं होतं. वास्तविक तेव्हा वाइन आवडली का, हे कोणी विचारत नसतं. ती बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं. बुचातल्या बुरशीमुळे एक रसायन तयार होतं आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटातल्या जुन्या अंकांचा वास ज्याला माहीत आहे, त्याला कुठलाही अभ्यासक्रम नको. ही बाटली निर्दोष होती. फक्त कोमट होती, पेजेइतकी. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी हे वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांत तयार झालं, जिथे खोली सोळा-अठरा अंशांवर असायची. पुण्याच्या मे महिन्यात बारच्या दिव्याखाली उभी असलेली बाटली त्या हिशेबात बसत नाही.

मी बर्फाची बादली मागितली. वेटरने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘सर, रेड आहे ही.’’

‘‘हो, ठाऊक आहे. पंधरा मिनिटं ठेवू या.’’

तो मॅनेजरना विचारून आला. बादली आली. पंधरा मिनिटांनी ग्लासात जे पडलं त्यात आंबट चेरीची चव होती, शेवटी किंचित तुरटपणा होता, आणि टोमॅटोतला पास्ता एकदम जागा झाला. ही कियांती नव्हती. कियांतीपेक्षा उन्हाची जास्त, थोडी भरड, घाटावरच्या माणसासारखी. बायकोने दुसरा ग्लास स्वतःहून मागितला, आणि हे पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

निघताना मॅनेजरना भेटलो. तीन बाटल्या नाहीत, मोंतेपुल्चानोची गफलत आहे, अकलूजची वाइन ‘इतर’मध्ये आहे, असं सगळं शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. पुणेकराने सौम्यपणे सांगितलेलंही जरा लागतंच. ते अदबीने म्हणाले, ‘‘सर, नवीन कार्ड छापलं की नक्की बदलू.’’ हे वाक्य आपण सरकारी कचेरीतही ऐकलेलं असतं, त्यामुळे मी विषय सोडून दिला.

गेल्या महिन्यात, जवळजवळ वर्षाने, पुन्हा गेलो. चामडी वही गेली होती. यादी एका लाकडी पॅडवर चिमट्यात लावलेला एकच कागद, चौदा वाइन, प्रत्येकीसमोर निर्माता आणि साल. एका ओळीवर निळ्या शाईने काट मारून बाजूला ‘संपली’ असं लिहिलं होतं. आमारोने एकही नाही. एक रिपास्सो होती. अकलूजची सांजोवेझे आता कियांतीच्या बरोबर खाली होती. भिंतीवरची पुरस्काराची चौकट तशीच.

वेटर तोच. त्याने मला ओळखलं असावं, कारण मी कागद हातात घेण्याआधीच त्याने विचारलं, ‘‘सर, बादली आत्ताच आणू?’’